४१० फुटांवरचे पाणी नेमके कुठले?

नमस्कार. "तुम्ही २०० फुटांवर थांबा म्हणता, आम्ही थांबलो आणि कोरडे राहिलो, शेजाऱ्यांना मात्र ४१० फुटांवर दोन इंच पाणी लागले," असे आपण बोअरच्या खोलीवरचा माझा लेख वाचून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळून कळवले आहे. आपला वाया गेलेला खर्च मी हलका लेखत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या भागात जमिनीखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, म्हणजे काळ्या बेसाल्टचे, थरावर थर आहेत. अखंड काळ्या दगडात पाणी राहत नाही. ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्याजवळच्या सच्छिद्र खडकात राहते. असा सांधा खोलवरही असू शकतो, हे मला मान्य आहे. परंतु पाणी ४१० फुटांवर मिळाले म्हणून ते तिथलेच, असे धरून चालता येत नाही. केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात बसवायचा पाइप, आपल्याकडे पक्का दगड लागेपर्यंतच टाकतात. त्याखालचे भोक उघडे असते आणि ८०-९० फुटांवरच्या भेगेतले पाणी त्यातून खाली उतरत राहते. माझ्या अंगणातल्या ३६० फुटांच्या बोअरच्या तोंडाशी कान लावला, की आत पाणी पडल्याचा आवाज स्पष्ट येतो. ती बोअर झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शेजारची ४० फुटांची विहीर, जिच्यावर तीन घरे पाणी भरत असत, मार्चमध्येच तळाला गेली. दोष माझ्याच बोअरचा होता असे मी सिद्ध करू शकत नाही, पण तेव्हापासून कोणाला आणखी खोल जा म्हणून सांगायला माझे मन धजत नाही.

शिवाय बोअर पाडणारा गाडीवाला सांगतो ते दोन इंच पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवलेले असते, त्यात भोकात साठलेलेही येते. खरी परीक्षा मे महिन्यात सलग चार तास पंप चालवल्यावर होते.

आपली एक हरकत मात्र मला पूर्ण मान्य आहे. २०० फुटांचा आकडा मी 'विदर्भात' असा सरसकट लिहायला नको होता. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपासून पुढे खोल विहीर धरली आहे, तिथून मी तो घेतला. परंतु कायद्याची रेषा म्हणजे खडकाची रेषा नव्हे. भंडारा-गोंदियाकडे नाइस (पट्टेदार कठीण खडक) आणि ग्रॅनाइट, चंद्रपूरच्या बऱ्याच भागात वालुकाश्म, तर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात गाळाचे जाड थर आणि खारे पाणी आहे. तिथले हिशेब वेगळे आहेत. लेखात तशी दुरुस्ती आजच करतो.

नवी बोअर घेण्यापूर्वी एवढे कळवा: आपल्या बोअरला किती फुटांवर ओल किंवा लाल माती लागली होती, आणि आसपासच्या जुन्या विहिरींपैकी मे महिन्यात पाणी कोणत्या विहिरीला राहते? आपल्या दगडात खोलीपेक्षा जागा महत्त्वाची असते.