‘आय-सेव्हन घ्या, बाकी काहीही चालतं’ : हा सल्ला ऐकण्याआधी

पहिला गेमिंग पीसी असेंबल करायचा म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे येतो. सांगली-मिरजेत तो मित्रांकडून येतो, मोबाइलवर फॉरवर्ड होऊन येतो, कधी दुकानाच्या काउंटरवरही मिळतो. “प्रोसेसर आय-सेव्हनच घ्या. रॅम ३२ जीबी टाका. ग्राफिक्स कार्ड ४ जीबीचं कुठलंही चालेल, मोठं नंतर बसवता येतं. एसएमपीएस कॅबिनेटसोबत मिळतो, त्यावर वेगळे पैसे घालवू नका.” चार वाक्यं, आणि त्यातलं शेवटचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचं, सर्वांत महागात पडतं. तरी क्रमानेच घेऊ.

“प्रोसेसर आय-सेव्हनच घ्या.” आय-सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरचं आडनाव झालं, माणूस कोण ते पुढच्या आकड्यावरून कळतं. आय-सेव्हन २६०० हा २०११ चा, ३७७० हा २०१२ चा. दोन्हींत चार कोर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१००एफ मध्येही चार कोर, आठ थ्रेडच आहेत, पण त्याचा एकेक कोर त्या जुन्यांना खूप मागे टाकतो. स्वस्तात मिळणाऱ्या ‘आय-सेव्हन गेमिंग सेट’मध्ये बहुतेक वेळा ऑफिसांतून निघालेला हा जुना माल असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो, त्यात हे जुने बसत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू नसतील तर व्हॅलोरंट हा गेम सुरूच होत नाही. म्हणून कोटेशनवर नुसतं ‘आय-सेव्हन’ लिहून घेऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.

नवा आय-सेव्हन चांगलाच आहे, प्रश्न पैशांच्या वाटणीचा आहे. १०८० पी मॉनिटर आणि मधल्या दर्जाचं कार्ड असेल तर बहुतेक मोठ्या गेममध्ये कार्डच आधी दमतं. आय-फाइव्ह १२४००एफ किंवा एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००, दोन्ही सहा कोर आणि बारा थ्रेडचे, अशा कार्डला पुरतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात हे खरं. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर घेऊन तेच खेळायचे असतील तर प्रोसेसरला थोडं झुकतं माप द्या. तेवढ्यासाठीही नवे सहा कोर पुरे आहेत.

रॅमचं थोडक्यात सांगता येतं. १६ जीबीने सुरुवात करा, पण ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या. एकच पट्टी लावली की ड्युअल चॅनेल (डेटाची दुहेरी वाट) मिळत नाही आणि फ्रेम मधूनच अडखळतात. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर एक्सपो, चालू केलं नाही तर ३२०० वेगाचे पैसे मोजून रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर पळत राहते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, त्यामुळे ३२ जीबीचा हट्ट म्हणजे कार्डाच्या पैशांतून घास काढणं.

“कार्ड ४ जीबीचं कुठलंही चालेल.” जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड. त्याची ४ जीबीची डीडीआर३ आवृत्ती बहुतेकदा मेमरीच्या ६४-बिट अरुंद वाटेवर चालते. ती ४ जीबी वापरण्याइतका दम त्या चिपमध्येच नाही. स्वस्तात दिसणाऱ्या आरएक्स ५८० चंही नीट बघा: मूळ कार्डात २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे भाग), ‘२०४८ एसपी’ नावाच्या आवृत्तीत २०४८. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं की आकडा समोर येतो. आरटीएक्स ३०६० सुद्धा दोन आहेत: १२ जीबीचं १९२-बिट आणि ८ जीबीचं १२८-बिट, जे स्पष्टपणे मंद आहे. डब्यावरचं नाव तेच. आधी मॉनिटर ठरवा, मग कार्ड, मग उरलेल्यात बाकीचं. मॉनिटर वगळून जे पैसे राहतील त्यातले ३५ ते ४० टक्के कार्डाला द्या.

“मोठं नंतर बसवता येतं” यात अर्धं तथ्य आहे. पण वर सांगितलेल्या १२४००एफ आणि ५६०० मध्ये ग्राफिक्स आतमध्ये नाही; कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. कार्ड खरोखरच पाच-सहा महिन्यांनी येणार असेल तर ग्राफिक्स आतच असलेला रायझन ५ ५६००जी घेता येतो. त्याची किंमत मात्र वेगळ्या रूपात मोजावी लागते: एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ५६०० च्या निम्मी, म्हणजे १६ एमबी, आणि कार्डाला जोडणारं पीसीआय एक्सप्रेस चौथ्याऐवजी तिसऱ्या पिढीचं. शिवाय नंतर येणारं कार्ड कॅबिनेटमध्ये लांबीला मावलं पाहिजे आणि त्याला वीज मिळाली पाहिजे.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत आलेल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘४५०’ असतं. तिकडे न बघता बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टचा रकाना शोधा. तिथे १६ अँपियर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, १२४००एफ ला पूर्ण ताणात ११७ वॅटपर्यंत, बोर्ड-रॅम-पंखे-एसएसडी मिळून साधारण ५०. बेरीज ३०० च्या घरात, आणि कार्ड क्षणभर याहूनही जास्त ओढतं. यासाठी नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस योग्य. ब्रॉन्झचा शिक्का फक्त विजेची बचत सांगतो, म्हणून वॉरंटी किती वर्षांची तेही विचारा.

कमी पडणाऱ्या एसएमपीएसचं लक्षण ठरलेलं असतं. डेस्कटॉप तासन्‌तास नीट चालतो, गेममध्ये गर्दीचा प्रसंग आला की मशीन खटकन बंद होतं किंवा रीस्टार्ट होतं. विंडोजची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ एवढंच सापडतं आणि लोक विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतात. फुकटच्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनची वायर नसते, मग हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या वायरवरून कन्व्हर्टर लावला जातो. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनलेला, आठ पिनवरून कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथे. प्रोसेसरची आठ पिनची वायरही कार्डात दाबून बसवू नका. दोन्हींत प्लस-मायनस उलटसुलट असतात.

आणि भिंतीतली वीज. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला बोट लावल्यावर झिणझिण्या आल्या की दोष बहुतेकदा पीसीचा नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधून बारीकसा करंट बॉडीवर येतो आणि तिसऱ्या पिनने जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर तो तुमच्या बोटातून जातो. वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या: फेज-अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे सहसा ३६० वॅट. मॉनिटर धरला की तो काठावर येतो आणि बॅटरी जुनी झाली की लाइट जाताच बसतो. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, नाहीतर लाइटची अदलाबदल होताना पीसी रीस्टार्ट होतो.

जुने पार्ट घेणाऱ्यांनी सांगलीत आणखी एक पाहावं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तळमजल्यावरची किती यंत्रं पाण्यात गेली ते सगळ्यांना आठवतं. बोर्डाच्या रॅम स्लॉटमध्ये आणि हीटसिंकखाली टॉर्च मारा. पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड किंवा स्क्रूंना गंज दिसला तर तो बोर्ड चालू होत असला तरी घेऊ नका.

बिल पक्कं घ्या आणि कार्ड, बोर्ड, एसएमपीएस, रॅम यांचे सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. पार्ट बिघडला तर बऱ्याचदा तो कोल्हापूरला किंवा पुण्याला पाठवावा लागतो, आणि तिथे डब्यावरचा, पार्टवरचा आणि बिलावरचा असे तिन्ही नंबर जुळवून पाहतात.