तिला त्रास काय होता?

परवा आमच्या गंगापूर रोडच्या बायकांच्या वाचनगटात केट शोपॅनची 'द स्टोरी ऑफ अॅन अवर' वाचली. १८९४ सालची, जेमतेम हजार शब्दांची कथा. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते. लुईझ बहिणीच्या कुशीत रडते, मग खोलीचं दार लावून उघड्या खिडकीसमोर बसते. हवेत पावसाचा वास, खाली फेरीवाल्याची हाळी, वळचणीला चिमण्या. आणि तिच्या ओठांवर शब्द येतो : मोकळी. तास होतो न होतो तोच नवरा दारात धडधाकट उभा, आणि ही जागीच कोसळते. डॉक्टरांचं निदान : आनंद सोसवला नाही.

वाचून संपतंय तोच एकीने विचारलं, "पण तिला त्रास काय होता? प्यायचा का तो?"

नाही. मारत नव्हता, टाकून बोलत नव्हता. हात मायेचे होते त्याचे. तिचंही त्याच्यावर प्रेम होतं, कधीकधी. बऱ्याचदा नव्हतं.

"मग सुख दुखत होतं बाईला," एक काकू म्हणाल्या आणि चहा आला.

मी तेव्हा गप्प बसले, म्हणून इथे लिहितेय. नवरा वाईट असता तर आपण सगळ्याजणी लगेच लुईझच्या बाजूने झालो असतो. बाईने मोकळं व्हावंसं वाटून घ्यायचं तर आधी वळ दाखवावे लागतात. शोपॅनने वळच ठेवले नाहीत, आणि आपली पंचाईत झाली. (आपण तर पंचवटीच्या गावच्या. नवऱ्यामागून वनात गेलेलीची गोष्ट ऐकतच वाढलो.)

दुसरं असं की, आपल्याकडे सासरच्या जाचावर उतारा एकच : माहेर. जात्यावरच्या ओव्या बघा, भाऊ न्यायला येतो. म्हणजे एका पुरुषाच्या घरातून दुसऱ्या पुरुषाच्या घरात. मी अजूनही दिवाळीनंतर जाते. लाड होतात, खोटं कशाला बोलू? पण तिथला फ्रिज उघडताना मी वहिनीकडे बघते.

लुईझला माहेर नकोच आहे. तिला पुढची वर्षं हवीत, नुसती स्वतःची. टागोरांच्या १९१४ मधल्या 'स्त्रीर पत्र'मधली मृणालही पंधरा वर्षांच्या संसारानंतर घर सोडते ती माहेरी जात नाही. पुरीहून नवऱ्याला पत्र लिहिते, की आता मी परत यायची नाही. घरात ती 'मेजोबौ', मधली सून. पत्राखाली सही मात्र मृणाल. लुईझचंही तसंच. कथेत ती आधी मिसेस मॅलर्ड असते, बहीण दाराबाहेरून हाक मारते तेव्हा कुठे आपल्याला तिचं नाव कळतं. माझं लग्नातलं नाव ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं होतं. सगळे हसत होते, मीही.

शोपॅनचा नवरा १८८२ मध्ये गेला. सहा मुलं पदरात. १८८४ मध्ये ती आईकडे सेंट लुईसला परतली, आणि पुढच्याच वर्षी आई गेली. तिच्या कथा छापून येऊ लागल्या त्या यानंतर, १८८९ पासून. यावरून काही सिद्ध करायचं नाही मला, पण तारखा डोक्यातून जात नाहीत.

गेल्या महिन्यात हे चार दिवस कामासाठी नागपूरला होते. भले गृहस्थ आहेत, ही पोस्टही वाचतील. पहिल्या रात्री मी खिचडी टाकली आणि पातेल्यातूनच खाल्ली. सकाळी साडेपाचला जाग आली, चहा कुणालाच द्यायचा नव्हता, म्हणून गॅलरीत बसून राहिले. खाली मेथीवाली ओरडत गेली. मी भाजी घेतली नाही.

चौथ्या दिवशी बेल वाजली. आनंदच झाला, शपथेवर सांगते. चपला काढता काढता ह्यांनी विचारलं, "काय केलंस चार दिवस?"

"काही नाही," म्हटलं.