बॉनेटचा शॉक आणि व्हॉट्सॲपवरच्या पाच टिपा

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या पुणेकरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘बॉनेट डोक्यात पडायला लागलं? फसू नका!’ अशी सुरुवात आणि खाली बॉनेट उघडं धरणाऱ्या शॉकबद्दल पाच टिपा. शॉक नवे घेऊ नका, कंपनी फार किंमत लावते, गॅस भरून घ्या. घ्यायचेच तर जास्त न्यूटनचे, म्हणजे जास्त जोराचे घ्या, कंपनीने काटकसर केलेली असते. जोडी बदलायची गरज नाही, गेलेला तेवढाच बदला. रॉडला ग्रीस चोळत राहा. आणि जुना फेकू नका, कापून आतला रॉड काढा, कामाला येतो.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण पाचातली एकही टीप जशीच्या तशी पाळण्यासारखी नाही, आणि पहिली नि शेवटची तर दवाखान्यात नेणारी आहे.

आधी गॅसचं बघू. गॅरेजमध्ये आपण ज्याला बॉनेटचा शॉक म्हणतो ती एक बंद नळी असते. आत दाबून भरलेला नायट्रोजन, थोडंसं तेल आणि सीलमधून आत-बाहेर सरकणारा रॉड. रॉड किती जोराने बाहेर ढकलला जाणार? आतला दाब गुणिले रॉडच्या छेदाचं क्षेत्रफळ. ८ मिलिमीटर जाडीच्या रॉडचा छेद साधारण ५० चौरस मिलिमीटर. त्यातून ३२० न्यूटन काढायचे तर आत सुमारे ६४ बार दाब हवा. मोटारीच्या टायरमध्ये असतो सव्वादोन बारच्या आसपास. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर १० बारपर्यंत गेला तरी त्या हवेने ५० न्यूटन मिळतील. त्यात पाच किलो तांदळाची पिशवी उचलेल, बॉनेट नाही.

यावर उत्तर येतं की अमुक ठिकाणी नळीला भोक पाडून, व्हॉल्व्ह झाळून, सिलिंडरवरून नायट्रोजन भरून देतात. देतात, आणि दाबही येतो. पण आधीचा गॅस गेला तो झिजलेल्या सीलमधून, आणि ते सील अजून तिथेच आहे. भोक पाडताना आतलं तेल गळतं, म्हणजे वर जाताना शेवटच्या टप्प्यात बॉनेटचा वेग जो आवरला जायचा तोही आता आवरला जात नाही. शिवाय साठ-सत्तर बारच्या भांड्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातलं वेल्डिंग! कारखान्यातल्या यंत्रांवर याच जातीच्या नळ्या असतात, त्यांना गॅस स्प्रिंग म्हणतात; त्यातल्या काहींना भरायचा व्हॉल्व्ह मुळातच दिलेला असतो, ती गोष्ट वेगळी. मोटारीच्या शॉकवर ‘उघडू नका’ असं छापलेलं असतं.

आता न्यूटन. या टिपेने होणारं नुकसान सावकाश होतं, म्हणून ते शॉकच्या नावावर कधी लागत नाही.

साधा हिशेब मांडू. बॉनेट १६ किलोचं आहे, आणि पूर्ण उघडल्यावर त्याच्या वजनाचा मध्य बिजागरीपासून आडव्या अंतराने ३५ सेंटिमीटरवर येतो, असं धरू. खाली पाडणारा पीळ झाला सुमारे ५५ न्यूटन-मीटर. त्या स्थितीत शॉकची रेष बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर असेल, तर दोघांना मिळून ५५० न्यूटन लागतात, एकेकाला २७५. वर थोडी शिल्लक ठेवून ३२० चा शॉक देणं याला काटकसर म्हणत नाहीत.

बॉनेट बंद झालं की हाच शॉक जवळजवळ आडवा होतो आणि त्याची रेष बिजागरीच्या अगदी जवळून जाते. उचलायच्या कामी तेव्हा तो फारसा येत नाही, पण त्याचा जोर कमी झालेला नसतो. नळी दाबली गेल्यामुळे उलट थोडा वाढलेलाच असतो. तो सगळा बिजागऱ्यांवर, शॉकची टोकं ज्यावर बसतात त्या गोल डोक्याच्या (बॉलच्या) बोल्टवर आणि पत्र्यावर येतो. तुम्ही ६०० न्यूटनचे दोन बसवले असतील तर १२०० न्यूटन, म्हणजे १२० किलोंचा रेटा. गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली असली तरी रात्रंदिवस.

स्पोर्ट्स कारचं बॉनेट लांब, रुंद आणि पातळ. त्यामुळे परिणाम दिसतो तो काचेच्या बाजूच्या कोपऱ्यांत. फेंडर आणि बॉनेटमधली फट पुढे सारखी असते, मागे जाता जाता फाकते. कोपरा तळहाताने दाबला की खाली जातो, सोडला की पुन्हा वर येतो. बंद करताना पुढून जोर लावावा लागतो आणि शॉकच्या बोल्टपाशी पत्र्यावर बारीक घडी पडते. ही घडी एकदा पडली की रंगासकट काम निघतं. फिटर म्हणतो, ‘साहेब, उचलतंय ना? मग झालं.’ उचलतंय खरं. बिल डेंटर देतो.

पोर्शे ९४४ च्या मागच्या झाकणाची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. १९८२ ते १९९१ या काळात बनलेल्या या गाडीचं मागचं झाकण म्हणजे धातूच्या फ्रेमवर चिकटवलेली मोठी, जड काच. शॉक ढकलतात फ्रेमला, काच धरून ठेवते फक्त चिकटवण. काच फ्रेमपासून सुटणं हा या मॉडेलचा जुना, प्रसिद्ध आजार आहे, आणि गरजेपेक्षा कडक शॉक तो वाढवतात. तिथे ‘जेवढा कडक तेवढा चांगला’ म्हणून बघा.

जोर बदलायची रास्त कारणं असतात. फायबरचं किंवा कार्बनचं हलकं बॉनेट घातलं तर मूळपेक्षा कमी न्यूटनचा शॉक घ्यायचा. डिकीवर स्पॉयलर चढवला तर जास्तीचा. माझदा एमएक्स-५ सारख्या गाडीला बॉनेट टेकवायला मुळात काठीच असते. तिला शॉक लावायचे तर फेंडरच्या आणि बिजागरीच्या असलेल्याच बोल्टवर बसणारा किट घ्यावा, नुसत्या पत्र्याला भोकं पाडून नाही. बाकी अपग्रेड म्हणजे प्लॅस्टिकऐवजी धातूची टोकं, चांगल्या फिनिशचा रॉड. न्यूटन तेवढेच.

नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुना शॉक बरोबर न्या. नळीवर ०३२० आणि पुढे एन असं काहीतरी छापलेलं असतं, तो जोर. मग पूर्ण उघड्या स्थितीत एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, रॉडची चाल आणि बॉलचं माप, तेही जुळवा. लांबी चुकली तर न्यूटन बरोबर असूनही पत्रा वाकतो, कारण मिटल्यावर शॉक तळाला टेकतो आणि बॉनेट अजून पुरतं बंद झालेलं नसतं. मूळ कंपनीचाच हवा असा माझा आग्रह नाही. किमतीबद्दल मेसेजने केलेली तक्रार खरी आहे.

एकच बदलायचं म्हणाल तर, जोडीचे दोन्ही शॉक सारख्याच उन्हात आणि सारख्याच वर्षांत म्हातारे झालेले असतात. एक ३२० चा आणि दुसरा उरलेल्या २०० चा असला की प्रत्येक उघडझापीला बॉनेटला पीळ बसतो.

मेसेजमध्ये एक पुरवणीही आहे. सकाळी बॉनेट खाली येतं, पण दुपारी टिकतं, म्हणजे शॉक ठीक आहे, नुसतं वंगण हवं. हे उलटं आहे. शॉकवरचा आकडा २० अंश तापमानाचा असतो, आणि दर १० अंशांना जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी हलतो. जानेवारीतल्या १० अंशांच्या सकाळपासून मेमधल्या ४० अंशांच्या दुपारपर्यंत दहा टक्क्यांचा फरक पडतो. धडधाकट शॉकला तो जाणवत नाही. जो थंडीत हार मानतो त्याचा गॅस कमी झालेला आहे. ग्रीस लावून रॉडवर धूळ तेवढी चिकटते (पुण्यात तिची कमतरता नाही) आणि तीच सील कापते. सीलला लागणारं तेल आत आहे. ते सीलपाशी राहावं म्हणून शॉक रॉड खाली येईल असा बसवतात.

बसवताना बॉनेट कोणाला तरी धरायला सांगा, काठीला फडकं गुंडाळून टेकू द्या आणि एका वेळी एकच बाजू काढा. बारीक स्क्रू ड्रायव्हरने क्लिप थोडी उचलली की बॉलवरून सॉकेट निघतं. क्लिप पूर्ण उपटायची नाही. पहिल्यांदा बंद करताना हळूहळू आणा. कुठे अडतंय वाटलं तर तिथेच थांबून मापं पुन्हा तपासा.

राहिली कापायची टीप. गेलेला शॉक रिकामा नसतो. बॉनेट पेलत नाही एवढा दुबळा, म्हणजे समजा २०० न्यूटनवर आलेला असला तरी आत ४० बार शिल्लक असतात. ग्राइंडर लागला की रॉड गोळीसारखा सुटू शकतो, गॅस कटरने नळी तापली तर ती फुटते. जळत्या मोटारीतून हे शॉक उडतात म्हणून अग्निशमनवाले बॉनेटच्या समोर उभे राहत नाहीत. भंगारवाल्याला देताना इतर लोखंडात टाकू नका, वेगळा हातात द्या आणि आत गॅस आहे हे सांगा. त्याच्याकडेही कटर असतो.