फलकावरचे दिवस कसे वाचवावेत

तुमचा कारखाना नाशिकच्या अंबडला असो, सातपूरला असो नाहीतर सिन्नरकडे माळेगावात, गेटातून आत शिरलं की एक हिरवा फलक असतोच. 'अपघाताविना दिवस' आणि पुढे आकडा. आमचा मागच्या मंगळवारी १,१४६ वर होता. मी मेंटेनन्सला आहे, वीस वर्षं यातच गेली, पण त्या फलकाची खरी किंमत मला त्या मंगळवारी कळली. तेव्हा ज्यांचा कारखाना अजून शिकाऊ आहे, त्यांच्यासाठी चार युक्त्या सांगून ठेवतो. फुकट आहेत.

सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या की आकडा माणसापेक्षा नाजूक असतो. माणसाला टाके घालता येतात. आकडा शून्यावर आला की हेड ऑफिसचा फोन येतो. म्हणून कोणाचं बोट चेपलं तर त्याला घरी बसू देऊ नका. दुसऱ्या दिवशी रिक्षा पाठवून आणा, टाइम ऑफिसात खुर्ची द्या, डाव्या हाताने गेटपास मोजायला लावा. माणूस कामावर आहे म्हणजे दिवस बुडाला नाही, आणि दिवस बुडाला नाही म्हणजे अपघात झालाच नाही. बोटाला हे समजावून सांगायची जबाबदारी एचआरची.

हेल्मेटवर भर द्या. हेल्मेट फोटोत येतं, धोका दिसला की यंत्र आपोआप बंद पाडणारा इंटरलॉक येत नाही. रिॲक्टर तापला की ट्रिप होतो आणि बॅच अडते, म्हणून कोणी पॅनेलमध्ये जम्पर, म्हणजे वायरचा तुकडा, टाकून तो इंटरलॉक बाद केला असेल तर राहू द्या. पण जिन्याचं रेलिंग न धरता उतरणाऱ्याला शंभर रुपये दंड ठोकाच. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला कंत्राटी लोक अपघात न झाल्याबद्दलचं जेवण जेवून आले. तिकडे टॉवर गळ्यापर्यंत भरलेला आणि लेव्हल दाखवणारं उपकरण पातळी उतरतेय म्हणून सांगत होतं. थोड्याच वेळात स्फोट झाला, १५ माणसं गेली. फलक त्यांचाही छानच असणार.

बंद पडलेल्या सेफ्टी सिस्टिमपुढे रजिस्टरात 'काम चालू आहे' असं लिहा. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये टाकी थंड ठेवणारं युनिट बंद होतं, सुटलेला गॅस जाळणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि गॅस धुऊन निर्विष करणारा स्क्रबर स्टँडबायवर. तीनही गोष्टी कारखान्यात होत्या बरं का. फक्त चालू नव्हत्या.

हायड्रंटसमोर, म्हणजे आग विझवायच्या नळासमोर, पॅलेट रचा. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरीजवळ मुंढेगावच्या कारखान्याला आग लागली तेव्हा आम्ही आमचे आठवडाभर हलवले होते, मग जागेची अडचण झाली.

खंडेनवमीला झेंडूची माळ इमर्जन्सी स्टॉपच्या लाल बटणावरून घ्या, शोभून दिसते.

४ मार्चचा सुरक्षा दिन मात्र चुकवू नका. बॅज, शपथ, घोषवाक्य स्पर्धा. आमच्याकडे यंदा पहिलं बक्षीस प्रेशर कुकर होतं. त्या दिवशी अख्ख्या प्लांटमध्ये टेस्ट करून आलेला सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढा एकच असावा.

आता पर्मिट. इथे जरा थांबावं लागेल.

टाकीत, खड्ड्यात, मॅनहोलमध्ये माणूस उतरवायचा तर पर्मिट, म्हणजे लेखी परवानगी, लागतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्येच सगळं लिहिलेलं होतं. जाणत्या माणसाने स्वतः गॅस तपासून तसं लेखी द्यायचं, नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं उपकरण आणि कमरेला पट्टा, आणि पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्याच्या हातात. एवढा वेळ कोणाकडे असतो? म्हणून सोपी पद्धत अशी, की महिन्याच्या एक तारखेला अख्खं पर्मिट बुक कोऱ्या सह्या करून फोरमनकडे देऊन टाकायचं. आमच्या पर्मिटवर ऑक्सिजन कायम २०.९ टक्के, मोकळ्या हवेइतका, असतो. एकच पेन, एकच अक्षर. सुट्टीच्या दिवशी प्लांटला कुलूप होतं, त्या तारखेलाही २०.९ आहे.

गॅस मीटर आहे की आमच्याकडे! चांगला महागाचा आहे. स्टोअरच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. हरवू नये म्हणून कपाटाला कुलूप, आणि चावी स्टोअरकीपरच्या खिशात. मंगळवारी दुपारी स्टोअरकीपर बँकेत गेला होता.

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, कलेक्शन टाकीत गाळ बसून पंप चोकअप झालेला. फोरमनने मॅनहोल उघडलं, वाकून हुंगलं आणि म्हणाला, "सकाळी वास होता, आता नाही. जा रे." ठेकेदाराकडे कामाला असलेला पोरगा होता, सुरगाण्याकडचा, बावीस-तेवीसचा. आता, वास गेला म्हणजे गॅस गेला हे ज्याने कोणी पहिल्यांदा सांगितलं त्याला माझ्यासमोर आणा. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा घाण येतो. शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास थांबतो, गॅस नाही. त्यातून गाळ ढवळला की आत अडकलेला आणखी सुटतो. नाकाने गॅस तपासायचा असेल तर मीटर कशाला घेतला, पूजेला?

पोरगा शिडीने उतरला. चार फावडी मारली असतील. मग सावकाश खाली बसला, दमल्यावर माणूस बसतो तसा. मी पोचलो तेव्हा दुसऱ्या हेल्परचा एक पाय शिडीवर होता, "भाऊ, मी काढतो त्याला" म्हणत. त्याची कॉलर धरून मागे ओढला. अशा टाक्यांतून एकामागे एक प्रेतं निघतात ती याच शिडीवरून. नशीब एवढंच, की आमच्या म्हाताऱ्या फिटरने त्या पोराच्या कमरेला माल बांधायची नायलॉनची दोरी बांधली होती, कोणी सांगितलं नसताना. चौघांनी ओढला. वर आला तो निळा पडलेला. दोन-तीन मिनिटांनी मोठा श्वास घेतला आणि ओकला. भाकरी आणि मेथी. माझ्या बुटांवर.

रात्रभर दवाखान्यात होता. वाचला.

बुधवारी माझ्याकडे फॉर्म आला, टाइप केलेला. 'निअर मिस. कामगारास अस्वस्थ वाटले. कारण: उपाशीपोटी कामावर आल्याने चक्कर. उपाय: सर्वांनी न्याहारी करून यावे अशी सूचना देण्यात आली.' निअर मिस म्हणजे होता होता टळलेला अपघात. खाली माझ्या सहीसाठी जागा. फलकावर तोवर १,१४७ चढला होता.

उपाशीपोटी! अहो, माझे बूट अजून बाथरूमच्या बाहेर वाळताहेत. तुम्ही त्याचं जेवणसुद्धा खोटं ठरवलंत? एसी केबिनमध्ये बसून गरिबाच्या डब्यावर ढकलता? तो मेला असता तर काय लिहिणार होतात, उपवास होता म्हणून? बाप शेतात राबतो आणि पोरगा तुमच्या गाळात उतरतो, त्याला निष्काळजी म्हणायला जीभ कशी रेटते? टाकीत ताजी हवा सोडणारा ब्लोअर लावायला अर्धा तास लागतो. मीटर खाली सोडून आकडा बघायला पाच मिनिटं. ती पाच मिनिटं तुम्हाला परवडत नाहीत आणि कुकर वाटायला परवडतात.

आणि हो, मंगळवारच्या त्या पर्मिटवर २०.९ च्या खाली सही कोणाची होती ते विचारू नका. माझीच होती. एक तारखेला केलेली, चहा पिता पिता, तीस पानं एका दमात. त्या रात्री मला झोप आली नाही ती त्यामुळे.

तेव्हा हा फॉर्म परत घेऊन जा. कोरी सही एकदा दिली, ती पुरे झाली. आधी कपाटाची चावी आणून द्या, मग सही मागायला या.