‘अपडेट येत नाहीत म्हणजे पक्कं झालंय’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘वेबसाइटचा सर्व्हर : हिंजवडीतल्या सिनिअर इंजिनिअरचे सात नियम’ असा एक मेसेज पुण्यातल्या दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या, प्रकाशकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. इंजिनिअरचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, हात जोडलेल्या इमोजी मात्र भरपूर. असल्या गोष्टींना मी उत्तर देत बसत नाही. पण माझ्या मामेबहिणीचं अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचं दुकान आहे, प्रवेशाच्या दिवसांत तिच्या बऱ्याचशा ऑर्डरी साइटवरून येतात, आणि तिने हा मेसेज साइट सांभाळणाऱ्या मुलाला ‘असं करून टाक’ म्हणून पाठवला. त्या गुणी बाळाने लगेच कामाला सुरुवात केली. चालू सर्व्हरवरची आपोआप होणारी अपडेट बंद केली आणि नव्या मशीनवर सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम चढवायला घेतली. ‘ताई, कोण आहे हा इंजिनिअर?’ तर म्हणे, ‘अरे, सगळ्यांनी फॉरवर्ड केलाय.’

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७ टाका, बँका तीच वापरतात आणि तिला आता अपडेट येत नाहीत इतकी ती पक्की झाली आहे. एकदा बसवली की अपडेट कधीही करू नका, चालत्या गाडीला हात लावायचा नसतो. लिनक्सला व्हायरस लागत नाही, त्यामुळे फायरवॉल (नको ती दारं बंद ठेवणारी भिंत) वगैरे नको. लिनक्स जमत नसेल तर विंडोज सर्व्हरची ‘फुल व्हर्जन’ फुकट मिळते. लॉगिन रूटनेच (सर्वाधिकार असलेल्या खात्यानेच) करा, फक्त पोर्ट (आत यायच्या दाराचा क्रमांक) बदला. सर्व्हर भारतातला घ्या, हॅकर पोचत नाहीत. बॅकअप होस्टिंगवाला ठेवतोच.

पहिल्यापासूनच धरू, कारण सगळ्यात मोठी खोट तिथे आहे. सेंटओएस ७ ला अपडेट येत नाहीत हे खरं. पण त्यात चुका उरल्या नाहीत म्हणून ती थांबलेली नाहीत. दुरुस्त्या पाठवणाऱ्यांनी दुकान बंद केलंय. सेंटओएस ७ आली २०१४ साली आणि तिची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तारीख आधीपासून जाहीर होती. त्यानंतर मिररची, म्हणजे अपडेट जिथून उतरवायची त्या ठिकाणांची, यादी देणारा सर्व्हरही बंद झाला. म्हणून आज त्या मशीनवर ‘यम अपडेट’ (yum update) ही अपडेट आणणारी कमांड चालवली की होस्ट सापडत नाही अशी एरर येते. या इंजिनिअरसाहेबांनी ती एरर वाचून ‘पक्की झाली’ असा निष्कर्ष काढला असावा.

त्या डब्यात काय आहे तेही बघा. सेंटओएस ७ सोबत येणारं पीएचपी (साइटचा कोड ज्या भाषेत चालतो ती) ५.४ आहे. खुद्द पीएचपीवाल्यांनी ५.४ चा पाठिंबा २०१५ मध्येच थांबवला. पुढली काही वर्षं रेड हॅटकडच्या (सेंटओएस जिच्या लिनक्सवर बेतलेली आहे ती कंपनी) दुरुस्त्या त्यात मिसळल्या जायच्या, आता त्याही नाहीत. साइट ज्यावर उभी असते त्या वर्डप्रेसने २०२४ मध्येच किमान ७.२ ची अट घातली, म्हणजे ताईची साइट त्या पीएचपीवर उठणारही नाही. मग तो मुलगा कुठून तरी तिसऱ्याच माणसाने बांधलेलं पीएचपी आणून बसवणार, आणि ‘पक्क्या’ सिस्टिमचा जो काही पक्केपणा होता तोही जाणार.

बँका वापरतात? काही ठिकाणी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ अजून चालू असेल. पण रेड हॅट त्या ग्राहकांकडून वेगळे पैसे घेऊन वाढीव मुदतीच्या दुरुस्त्या पुरवते. बँक त्या दुरुस्त्यांचे पैसे भरते. तुम्ही फक्त जुनं नाव उचलताय.

इथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते, नाहीतर कुणीतरी ती माझ्या तोंडावर मारेल. १ जुलै २०२४ ला क्वालिस या कंपनीने (हिचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे) ओपनएसएसएच या सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमधलं ‘रेग्रेशन’ (regreSSHion) नावाचं भोक जाहीर केलं. ही चूक २००६ मध्ये एकदा बुजवली होती आणि ८.५ या आवृत्तीत ती परत आली. सेंटओएस ७ मध्ये ओपनएसएसएच ७.४, त्यामुळे ती वाचली. उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिम सापडल्या. झालं समाधान? आता तारखा शेजारी ठेवा. सेंटओएस ७ ची मुदत संपली ३० जूनला, भोक जाहीर झालं १ जुलैला. उबुंटू आणि डेबियनच्या दुरुस्त्या लगेच आल्या आणि ज्यांची आपोआप अपडेट चालू होती त्यांना काही करावंही लागलं नाही. सेंटओएस ७ सापडली असती तर दुसऱ्याच दिवशी तिला विचारायला कुणी नव्हतं. जुनी आवृत्ती कधीमधी वाचते, पण ते नशीब झालं. त्याच्या भरवशावर दुकान चालवायचं असेल तर खुशाल चालवा.

आता ‘अपडेट करूच नका’. हा सल्ला इतका पसरतो कारण लोकांना खरोखर चटका बसलेला असतो. कुणीतरी अपडेट केलं, साइट पांढरी फटक झाली, दोन दिवस ऑर्डरी बंद. पण तिथे नेमकं काय केलेलं असतं? बहुतेक वेळा अख्खी आवृत्तीच बदललेली असते. उबुंटू २०.०४ मध्ये पीएचपी ७.४ होतं, २२.०४ मध्ये ८.१ आलं. पीएचपी ८ ने ईच, क्रिएट फंक्शन यांसारखी जुनी फंक्शन काढून टाकली. कोड दहा वर्षांपूर्वीचा असेल तर तो तिथे आडवा होणारच. ही आवृत्ती-बदली. ती रोज करायची नसते आणि न तपासता तर कधीच नाही.

सुरक्षा अपडेट हे वेगळं प्रकरण आहे. डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांच्या स्थिर आवृत्त्यांत सर्वसाधारणपणे मूळ सॉफ्टवेअरचा क्रमांक तोच ठेवतात आणि नव्या आवृत्तीतली फक्त दुरुस्ती जुनीत आणून जोडतात. डेबियन १२ वर पीएचपी ८.२ आहे, सुरक्षा अपडेट आलं म्हणून ते ८.३ होत नाही. उबुंटू सर्व्हरवर अनअटेंडेड अपग्रेड्स हे साधन मुळातच चालू असतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या घेतं. ते स्वतःहून रीबूटही करत नाही. ताईच्या सर्व्हरवर बंद केलं ते हेच, सगळ्यात कमी त्रास देणारं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं.

आणि चालत्या गाडीचंही ऑइल बदलतातच.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची ८००-१२३ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे, सर्व्हरच्या सर्वसाधारण सुरक्षेवरची, २००८ सालची, फुकट मिळते. हा मेसेज लिहिणाऱ्याने ती उघडली असती तर सातपैकी बहुतेक नियम लिहायला हातच धजावला नसता. ऑपरेटिंग सिस्टिम बसवल्यावर पहिलं काम काय, तर माहीत असलेल्या सगळ्या चुकांच्या दुरुस्त्या बसवणं. त्या बसेपर्यंत मशीन उघड्या नेटवर्कला जोडूच नका, असं ती म्हणते. नको असलेल्या सेवा काढा किंवा बंद करा, शक्यतो कमीत कमी सामानाची सिस्टिम बसवा आणि लागेल ते नंतर घाला. आणि हो, चालू सर्व्हरवर पॅच (दुरुस्ती) टाकण्याआधी तसाच दुसरा सर्व्हर उभा करून तिथे तपासा, हेही तिच्यातच आहे. म्हणजे ‘अपडेटने साइट पडते’ या भीतीत तथ्य नाही असं कुणीच म्हणत नाही. तिच्यावरचा उपाय तपासून बघणं हा आहे. चाचणीसाठी छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) महिन्याला काही शे रुपयांत मिळतो.

न हात लावलेल्या सर्व्हरचं काय होतं त्याचं एक उदाहरण. दक्षिण कोरियातली नयाना ही होस्टिंग कंपनी, जून २०१७. एरेबस नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने तिचे १५३ लिनक्स सर्व्हर कुलूपबंद केले आणि ३,४०० च्या वर ग्राहकांच्या साइट अडकल्या. कंपनीने घासाघीस करून सुमारे दहा लाख डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये कबूल केली. ट्रेंड मायक्रोच्या अभ्यासकांनी बोट ठेवलं ते तिथल्या सामानावर : २००८ मध्ये बांधलेलं कर्नल (लिनक्सचा गाभा), आणि २००६ सालचे अपाचे (साइट दाखवणारं सॉफ्टवेअर) व पीएचपी. वर्षानुवर्षं कुणी ‘चालत्या गाडीला’ हात लावला नव्हता. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हा नियमही याच उदाहरणात निकालात निघतो. तरी हवंच असेल तर २०१६ चं मिराय हे घुसखोर सॉफ्टवेअर आठवा. कॅमेरे आणि राउटर यांच्यातल्या लिनक्समध्ये ते घुसलं, कशाने? कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकेक लावून बघत.

जाता जाता, ‘आमच्या सर्व्हरचा अपटाइम ८०० दिवस’ असं मेसेजच्या शेवटी अभिमानाने लिहिलंय. लाइव्ह पॅचिंग (मशीन चालू असतानाच कर्नल दुरुस्त करणं) नसेल तर याचा अर्थ ८०० दिवसांत एकही नवं कर्नल चालू झालेलं नाही. स्वतःच कबुली दिलीत, आभार.

विंडोजच्या ‘फुल व्हर्जन’बद्दल काय बोलायचं? ज्या मशीनवर गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर आणि ऑर्डरी राहणार, तिथे अनोळखी माणसाने कुलूप फोडून दिलेली ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची. चोराने सांगितलं ‘आत काही ठेवलेलं नाही’ आणि आपण मान डोलावली. विंडोज सर्व्हर वाईट नाही. साइट जुन्या एएसपी डॉट नेटवर लिहिलेली असेल आणि मागे एसक्यूएल सर्व्हर असेल, तर तोच घ्या, पण विकत. त्याचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअर धरतात, त्यामुळे स्वतःच्या मशीनसाठी घेताना खर्च आधी काढा. व्हीपीएसवर तो भाड्यातच धरून मिळतो. ‘खिडक्या दिसतात म्हणून सोपं’ हे कारण मात्र नको. मायक्रोसॉफ्ट स्वतः सर्व्हर कोअर नावाची बिनखिडक्यांची आवृत्ती देते.

रूट आणि पोर्टचं प्रकरण. पोर्ट बदलल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, एवढं कबूल. सुरक्षा त्याने येत नाही. ओपनएसएसएचने २०१५ मध्ये ७.० पासून रूटला पासवर्डने आत येणं मुळातच बंद केलं, आणि आपण ते उघडायला सांगतोय. वेगळा युजर करा, एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) घाला, कीने आत येता येतंय हे दुसऱ्या खिडकीतून बघून घ्या आणि मगच पासवर्ड लॉगिन बंद करा. हा क्रम चुकवून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलेले लोक कमी नाहीत. फायरवॉलमध्ये साइटची ८०, ४४३ आणि लॉगिनसाठी एसएसएच एवढी दारं पुरतात, डेटाबेसचं ३३०६ जगासाठी उघडं ठेवायचं काही कारण नाही. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) वापरत असाल तर नुसत्या यूएफडब्ल्यू या उबुंटूच्या फायरवॉलवर विसंबू नका, डॉकरने बाहेर उघडलेलं पोर्ट त्याला वळसा घालून उघडं राहतं.

सर्व्हर भारतात असला की साइट इथल्या गिऱ्हाइकाला लवकर उघडते, हे बरोबर. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग तर पुण्यातच आहे. हॅकरला मात्र शिवाजीनगरला उतरून रिक्षा करावी लागत नाही.

मग घ्यायचं काय? नावावरून भांडण्यात अर्थ नाही. दोन प्रश्न विचारा : दुरुस्त्या कोण पाठवणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, आणि आपल्याकडे त्या कोण बसवणार. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत साध्या पाठिंब्यात दुरुस्त्या मिळतात. मधल्या, एलटीएस (दीर्घ मुदतीचा पाठिंबा) नसलेल्या उबुंटू आवृत्त्या नऊच महिने टिकतात, त्या सर्व्हरला नकोत. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तीन वर्षं पूर्ण पाठिंबा आणि पुढे दोन वर्षं एलटीएस. सेंटओएसचीच सवय असेल तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स ९, मुदत २०३२ पर्यंत. तुमची साइट सांभाळणाऱ्या मुलाला जी नीट येते ती घ्या. मुदतीची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहा आणि त्याच्या सहा महिने आधी नवं मशीन उभं करा.

राहिला बॅकअप. ‘होस्टिंगवाला ठेवतोच’ हे करारात लिहिलंय का ते वाचा. अनेकदा तो वेगळे पैसे भरून घ्यायचा असतो आणि परत मिळण्याची हमी नसते. ताईच्या साइटचा बॅकअप रोज रात्री नियमाने होत होता, त्याच सर्व्हरवर, त्याच डिस्कवर. ती फाइल आधी तिथून बाहेर काढा, वेगळ्या मशीनवर उघडून साइट उभी राहते का बघा, आणि तोवर सेंटओएसची ती सीडी, पेनड्राइव्ह, जे काय असेल ते ड्रॉवरमध्ये राहू दे.