दहा मेचा राजमा

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी आलो, तर मागच्या डेकवर कपड्यांच्या दोरीला सात प्लास्टिकच्या पिशव्या चिमटे लावून लटकत होत्या. गॅलनच्या, जाड, झिपवाल्या, धुऊन लख्ख. प्रत्येकीवर माझ्या अक्षरातली पट्टी शाबूत होती. राजमा १०/०५. छोले १०/०५. चिकन १०/०५. स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर मंद आचेत तासन्तास शिजवणाऱ्या भांड्यात, ओतायला तयार करून गोठवलेलं. आतला ऐवज कचऱ्याच्या डब्यात गेला होता आणि कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली होती.

आत्या साताऱ्याहून न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी आली आहे. आल्या आल्या तिने देवघर लावलं आणि मग फ्रीझर उघडला.

"दहा मेचं अन्न रे! पाच महिने!"

"आत्या, ते पाच ऑक्टोबरचं होतं. तू यायच्या तीन दिवस आधी केलेलं."

"मग दहा आधी कशाला लिहिलेस?"

"इथे महिना आधी लिहितात."

"का?"

पंधरा वर्षं इथे काढूनही या 'का'ला माझ्याकडे उत्तर नाही.

"आणि राजमा मराठीत लिहिलास, आकडे मराठीत काढलेस, मग तारीखच तेवढी अमेरिकन का?"

मी गप्प. माणूस चुकीचा असला की त्याला समजावता येतं. बरोबर असला की काही करता येत नाही.

"अन्न टाकताना हात थरथरले हो माझे," आत्या म्हणाली. "अन्नपूर्णेची क्षमा मागितली आणि मग टाकलं."

"मग पिशव्या का ठेवल्यास?"

"पिशव्या शिळ्या होतात होय?"

"पण गोठलेलं बाहेर काढलंस कसं?"

"गरम पाण्याच्या नळाखाली धरलं. वडीसारखं सुटलं. छान पातळ थापलं होतंस हो!"

हे शेवटचं वाक्य मला अजून खुपतंय. कारण पातळ थापणं हीच या कामातली खरी कला. पिशवीचं तोंड खोलगट पातेल्याच्या काठावर उलटं दुमडायचं, म्हणजे झिपेला मसाला लागत नाही. झिप माखली की ती नीट बसत नाही, आणि फ्रीझरमध्ये महिनाभर आइस्क्रीमला लसणाचा वास येतो. भरून झालं की हवा काढायची, वर बोटभर जागा सोडायची, कारण रस्सा गोठताना फुगतो. मग ट्रेवर आडवी ठेवून जेमतेम इंचभर जाडीची लादी करायची. अशी लादी फ्रीजमध्ये रात्रभरात सुटते. गोळा करून गोठवलं तर दुसऱ्या दिवशीही आत दगड असतो. ही सगळी काळजी मी वेळ वाचावा म्हणून घेतली होती. वाचला. आत्याचा.

बरं, पिशवी आधी वितळवून मग कुकरमध्ये का ओतायची, थेट का नाही, हेही लोकांना कळत नाही. स्लो कुकर तापायलाच तास-दोन तास घेतो. त्यात गोठलेली लादी टाकली की चिकन ४ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळत बसतं, आणि जंतूंना तेवढंच हवं असतं. शिवाय तापलेल्या चिनी मातीच्या भांड्यात बर्फ पडला तर भांड्याला तडा जातो. सुटं भांडं मिळायला तीन आठवडे लागतात आणि किंमत जवळजवळ नव्या कुकरएवढी.

राजम्याचं तर वेगळंच. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते उकळीशिवाय मरत नाही. मंद आचेच्या कुकरमध्ये ते मरण्याऐवजी जास्तच चेव घेऊ शकतं. म्हणून राजमा रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात चांगला खळखळून अर्धा तास उकळायचा, आणि मगच पिशवीत. आपल्याकडे प्रेशर कुकर हे काम न सांगता करतो, म्हणून कुणाला पत्ता नसतो. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढं विष असतं तर मग बरं झालं टाकलं ते."

उकळला होता! अर्धा तास! तिन्ही पिशव्यांचा!

त्याआधी तीन किलो कांदा. तो कच्चा घातला तर चालत नाही. स्लो कुकरमध्ये झाकण बंद, वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे कांदा आठ तास नुसता पोहत राहतो. लाल होत नाही, आणि लाल झाला नाही की रस्सा आजाऱ्याच्या सूपसारखा लागतो. तो आधी कढईतच परतायचा, तीन किलोचा किलोभर होईपर्यंत. पाणीही गॅसवरच्या निम्मंच. टोमॅटो, चिंच, आमसूल पिशवीत नाही, शेवटच्या अर्ध्या तासात. आंबट आधी पडलं तर छोले जन्मात मऊ होत नाहीत. बटाटाही नाही, गोठून सुटला की आतून भुसभुशीत आणि बाहेरून काळपट होतो. दही फाटतं. कोंबडीची तंगडी घ्यायची, छाती नाही, छातीचा सहा तासांत कापूस होतो. ही माहिती मला कुणी एका जागी दिली नाही. प्रत्येक वाक्यामागे एक वाया गेलेलं जेवण आहे.

आणि यावर लोक काय म्हणतात? "काय मजा आहे तुमची, सकाळी पिशवी ओतायची आणि संध्याकाळी जेवायचं." रविवारची दुपार कुणी मोजतच नाही.

तसा हा कुकर काही आळशांसाठी निघाला नाही. तो काढणाऱ्या अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला त्याच्या आईने लिथुएनियातल्या आपल्या आईची गोष्ट सांगितली होती. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या चूल न पेटवण्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, चोलेंट नावाच्या रश्श्याचं भांडं गावच्या भट्टीवाल्याकडे द्यायचं, रात्रभर विझत्या धगीवर ते शिजायचं. त्यावरून त्याने हे यंत्र केलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं, आणि १९७१ पासून ते क्रॉक-पॉट नावाने घराघरांत गेलं. हे मी आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"म्हणजे वैल," ती म्हणाली.

चुलीच्या मागचा वैल. आमटीचं भांडं त्यावर सरकवून आजी शेतावर जायची. नॅक्सनचं पेटंट आत्याने दोन अक्षरांत निकालात काढलं, आणि यातही ती बरोबर.

पण वैलावरचं झाकण मधेमधे काढून बघायची सवय तिला तिथलीच. इथे झाकण उघडलं की वाफ जाते आणि परत तेवढी धग यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. गुरुवारी तिने सहा वेळा उघडलं. "शिट्टी होत नाही, मग कळायचं कसं आत काय चाललंय?" जेवायला पावणेदहा वाजले.

दोरीवरच्या सातपैकी दोन पिशव्यांत कच्चं चिकन होतं, त्या परत वापरायच्या नसतात. मी गुपचूप टाकल्या. आत्याने मोजल्या होत्या. त्यावर दोन दिवस बोलणं नाही.

काल नवीन तुकडी केली. महिना अक्षरांत लिहायचा असं ठरवून मी मार्कर शोधत होतो, तोवर तिने पट्ट्या लिहूनही टाकल्या होत्या: राजमा, आश्विन वद्य त्रयोदशी. खाली बारीक अक्षरात, पिशवी टाकू नये.