साडेनवाची लंडन–मुंबई

अण्णांची सगळी हयात एसटीत गेली, आणि त्यातली बहुतेक वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. समोर ध्वनिक्षेपक, हाताशी कोपरे फाटलेलं रजिस्टर आणि जाळीतून अखंड आत येणारा एकच प्रश्न : "साहेब, गाडी कुठाय?" निवृत्तीनंतर हा प्रश्न त्यांना कुणी विचारेना. मग ते तो मला विचारू लागले. ताई लंडनला राहायला गेल्यापासून गाडीच्या जागी विमान आलं, एवढाच बदल.

जगातली उडती विमानं थेट नकाशावर दाखवणारं ॲप त्यांच्या मोबाइलवर भाच्यानं घालून दिलं. सुट्टी संपली, भाचा आईबापाबरोबर लंडनला परत गेला आणि निस्तरायला मी उरलो.

पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी नियंत्रकाला शोभेलसा प्रश्न टाकला. "ह्यांना कळवतं कोण?" मी म्हटलं, विमान स्वतःच कळवतं. जीपीएसवरून आपण कुठं आहोत ते बघतं आणि जागा, उंची, वेग असं सगळं १०९० मेगाहर्ट्झवर दर सेकंदाला साधारण दोनदा ओरडून सांगतं. ते कुणासाठी खास नसतं; लहानशी अँटेना असलेल्या कुणालाही ऐकू येतं. जगभरचे हौशी लोक घरावर असल्या अँटेना लावून ऐकलेलं इंटरनेटवर पाठवतात. असंच विमानं दाखवणारं फ्लाइटरडार२४ तर २००६ साली स्वीडनमधल्या दोन हौशी माणसांनीच सुरू केलं.

"बिनपगारी करतात?"

"बिनपगारी."

अण्णांचा ऊर भरून आला. जगभर गच्चीगच्चीवर बिनपगारी वाहतूक नियंत्रक बसलेत, ही कल्पनाच त्यांना पेन्शनवाढीपेक्षा मोठी वाटली. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आपल्या गच्चीवर काही चढवायचं नाही हं. आधी तो जुन्या टीव्हीचा दांडा उतरवा."

हवामानाचे थर फुकटात मिळत नाहीत. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणाऱ्या माणसानं त्यासाठी पैसे भरले, तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. आत थरांची ही रांग : ढग, पाऊस, विजा, वारे, हवेतले खड्डे, पंखांवर धरणारा बर्फ, शिवाय ज्वालामुखीची राख. राखेचा थर बघून आई म्हणाली, ह्याचं आपल्याला काय? मी तिला २०१० सालचा आइसलँडचा ज्वालामुखी सांगितला. त्याच्या राखेनं एप्रिलमध्ये जवळजवळ अख्ख्या युरोपातली विमानं जमिनीवर बसवली होती. हे सांगायची खरोखर काही गरज नव्हती. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाबरोबर राख बघावी लागते.

जुलैत ताई आठ दिवसांसाठी एकटीच यायची ठरली आणि ॲपची खरी परीक्षा आली. विमान हीथ्रोहून रात्री साडेनवाला सुटणार. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दोन. अण्णांनी गणित कॅलेंडरच्या पाठीमागं मांडलं होतं. त्यात तिसरं घड्याळ घुसलं, कारण विमानतळांचे हवामान अहवाल 'झेड' वेळेत असतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं.

"हे झेड कुठलं गाव?"

"गाव नाही अण्णा. सगळ्या जगासाठी एकच वेळ."

"मग लंडनची का नाही?"

"लंडनचीच होती. उन्हाळ्यात लंडनवाले तासभर पुढं सरकतात."

"म्हणजे स्वतःच्याच वेळेवर नाहीत," असा शेरा मारून त्यांनी कॅलेंडरवर तिसरा रकाना पाडला.

रात्री सव्वादोनला त्यांनी मला हलवून उठवलं. गाडी सुटली होती, चौदा मिनिटं उशिरा. नकाशावरचं पिवळं विमान इतकं सावकाश सरकतं, की त्याच्याकडे टक लावून बसणारा माणूस एक तर योगी तरी असावा किंवा त्याची लेक तरी आत असावी. अण्णा योगी नाहीत. वेग नॉटमध्ये दिसत होता. त्यांनी एक पूर्णांक आठशे बावन्न सहस्रांशनं गुणून ताशी नऊशे सव्वीस किलोमीटर काढले आणि "विनाथांबा आहे, पळणारच" म्हणून मान्यता दिली. मी "सकाळी बघू" म्हणालो तर आई म्हणाली, "झोप तू. बहीण काय, रोजच आकाशात असते." ह्यानंतर ज्याला झोप लागेल तो माणूस नव्हे.

अशा बघण्यात आम्ही एकटे नाही, हे सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथची शवपेटी एडिंबरोहून लंडनजवळ आणली, तेव्हा ते विमान फ्लाइटरडार२४वर जवळजवळ अठ्ठेचाळीस लाख लोक बघत होते. त्यात बघण्यासारखं काय होतं, देव जाणे. निदान आमच्या विमानातली बाई पुण्याला येऊन पुरणपोळी खाणार होती.

सकाळी विमान इराकवर असताना एकदम पाचेकशे किलोमीटर बाजूला उडी मारून आलं. अण्णांचा चष्मा कपाळावर गेला. त्या टापूत जीपीएसचे खोटे संकेत सोडतात. विमानाला जे खरं वाटतं तेच ते ओरडून सांगतं, म्हणून नकाशावर कधीकधी भलतंच दिसतं, असं मी समजावलं. "म्हणजे चालकाला गाडी कुठाय ते माहीत आहे, पण गाडीला नाही," अण्णा म्हणाले. बरोबरच होतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हद्द बंद केली होती, म्हणून हे विमान आखातावरून मस्कतकडे उतरून अरबी समुद्रानं येणार होतं. अण्णांनी ह्याला 'घाट बंद, पर्यायी मार्गे' असं नाव दिलं आणि त्याचा त्रागा केला नाही. त्यांच्या काळात वरंध घाट दर पावसाळ्यात कोसळायचा.

खरी पंचाईत समुद्रावर झाली. किनाऱ्यावरच्या अँटेनांना तीन-चारशे किलोमीटरपलीकडचं ऐकू येत नाही, कारण पृथ्वी गोल आहे आणि विमान क्षितिजाखाली जातं. मग ॲप मागचा वेग आणि दिशा धरून विमान आपलं आपण पुढं ढकलत राहतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहितं : अंदाजे स्थान.

"अंदाजे?" आई म्हणाली. "माझी मुलगी अंदाजे?"

आश्चर्य म्हणजे अण्णा इथं अगदी शांत होते. "अगं, खंबाटकीत गाडी शिरली की आम्हाला तरी कुठं दिसायची? सुरूरला दिसली होती ना, मग खंडाळ्याला निघेल, असाच हिशेब असायचा." आई देवापुढं गेली. तिथं तिची बैठक आधीपासून चालूच होती, कारण मध्यरात्री कॅनडावरच्या कुठल्याशा विमानानं ७७०० हा संकट कळवणारा आकडा लावल्याची सूचना ॲपनं कर्कश वाजवून दिली होती. एखाद्या प्रवाशाला बरं वाटेनासं झालं तरी हा आकडा लावतात, हे मी सांगितलं. "कुणाची तरी लेक असेलच त्यात," म्हणून तिनं त्यांच्यासाठीही निरांजन लावलं. ते विमान सुखरूप उतरलं.

सकाळी दहाला विमान पुन्हा 'ऐकू' आलं आणि मी हवामानाचे थर उघडले. सगळे एकदम उघडल्यावर पश्चिम महाराष्ट्र दिसेनासा झाला. ढगांचा थर पांढराफटक, पावसाचा हिरवा-पिवळा, मध्ये लाल ठिगळं, वर वाऱ्याचे बाण. अर्धी रेघ म्हणजे पाच नॉट, पूर्ण म्हणजे दहा, त्रिकोण म्हणजे पन्नास. आणि ह्या सगळ्या रंगपंचमीच्या मधोमध ताई.

"लालमध्ये शिरलं!" आई.

विमान सदतीस हजार फुटांवर होतं. जुलैतला कोकणातला पाऊस बराचसा बुटक्या ढगांतून पडतो. आभाळ फाडणाऱ्या विजा मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरात. नकाशा सपाट असल्यामुळे वरचं विमान आणि खालचा पाऊस एकाच कागदावर येतात, शिवाय पावसाचं चित्र काही मिनिटं शिळं असतं. हे मी तिला शांतपणे, हातवारे करून सांगितलं.

"त्या पायलटला दिसतंय का हे?"

"त्याच्या विमानाच्या नाकातच रडार असतं, आई."

"मग तो बघतोय ना? मग तू कशाला बघतोयस?"

एवढ्या रात्रीत विचारलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न. मी मोबाइल खाली ठेवायला गेलो तर तिनं मनगट धरलं. "ठेवतोस कुठं? बघ की."

तेवढ्यात मुंबई विमानतळाचा, म्हणजे 'व्हीएबीबी'चा, ताजा अहवाल आला. अर्ध्या तासानं एक येतो. अण्णांनी घसा साफ केला आणि नुसत्या चहाच्या कपापुढं ध्वनिक्षेपकावर बोलतात तसं वाचलं : "व्हीएबीबी. शून्य पाच शून्य शून्य झेड. वारा दोनशे पन्नास अंशांवरून, सोळा नॉट. दृश्यता दोन हजार. पाऊस. ढग बाराशे फुटांवर तुटक, आठ हजारांवर गच्च. तापमान सत्तावीस. दाब एक हजार दोन." शेवटी 'प्रवाशांनी नोंद घ्यावी' म्हणायचं त्यांनी महत्प्रयासानं टाळलं.

विमान समुद्रावरच पालघरच्या समोर लांबट गोल फिरायला लागलं. एक फेरी साधारण चार मिनिटांची. आईला चक्कर आली. अण्णा मात्र खूश. "फलाट रिकामा नाही. स्टँडबाहेर एक चक्कर मारून ये म्हणून सांगितलं असेल." मी सांगितलं, की मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. एवढा धक्का त्यांना इराकवरच्या उडीनंही बसला नव्हता. "दोन फलाट, आणि एकमेकांत घुसलेले? ह्याला मंजुरी कुणी दिली?"

मग विमान सुटलं, सरळ मुंबईकडे आलं आणि मुंबईवरून पुढं निघून गेलं.

"अरे, मुंबई मागं राहिली!"

ठाणं गेलं. डोंबिवली आली. आई उभी राहिली. वारा पश्चिमेकडून असेल तर विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरतं, कारण वाऱ्याच्या समोरून उतरलं की थांबायला पट्टी कमी लागते. त्यासाठी आधी मुंबई ओलांडून मागं वळावं लागतं, हे मी बोलत होतो, पण ऐकायला कुणी नव्हतं. "एवढं डोंबिवलीपर्यंत आलंच आहे तर तसंच पुण्याला आणा म्हणावं," आई म्हणाली. "टॅक्सीचे तरी वाचतील."

वळलं. उंची उतरू लागली : तीन हजार, बावीसशे, चौदाशे, नऊशे. अण्णा आकडे पुकारत होते. आठशे. अकराशे.

"अकराशे?"

अठराशे. अडीच हजार. विमान धावपट्टीवरून तसंच पुढं, जुहूवरून, पुन्हा समुद्रात. पुढचं विमान पट्टीवरून वेळेत हटलं नाही, किंवा ढगातून पट्टीच दिसली नाही, तर पायलट उतरायचं सोडून पुन्हा वर जातो. त्याला हे शिकवलेलंच असतं. मला हे सगळं पाठ होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. अण्णांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरोबर केलं त्यानं. फलाटावर गाडी उभी असताना आत घालणारा ड्रायव्हर मी कधी कामावर ठेवला नाही." ड्रायव्हर कामावर ठेवायचे अधिकार त्यांना कधीच नव्हते, पण ही वेळ ते काढायची नव्हती.

दुसऱ्या खेपेला डोंबिवली, मग घाटकोपर, आणि उंचीच्या जागी शून्य.

दहा मिनिटांनी ताईचा फोन. "आई, पोचले."

"माहितीये. अजून टॅक्सीवेवर आहेस. गाडी थांबेपर्यंत पट्टा सोडू नकोस."

ताई वैतागलेलीच होती. समुद्रावर घिरट्या, मग वर उचललं, आणि आत सूचना काय तर 'थोडा विलंब होत आहे'. बाकी कुणी काही बोललं नाही. हे ऐकून अण्णांचा चेहरा बदलला. उशीर ते समजू शकतात, चक्कर समजू शकतात, इराकही समजू शकतात. पण विलंबाचं कारण न सांगणं? त्यांनी तिला विचारलं, "तक्रार वही कुठं असते त्यांची? मागून घे." ती मागून घ्यायला पुढं गेली नाही, ह्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी ताई जेवून गाढ झोपली. अण्णा गॅलरीत मोबाइल धरून बसलेले. एसटीचा नंबर एमएच १४ असला की गाडी दापोडीच्या कार्यशाळेची, हे ते लांबून सांगायचे. तसा त्यांनी ह्या विमानाचा व्हीटीनं सुरू होणारा नोंदणी क्रमांक टिपून ठेवला होता.

"आपली गाडी सिंगापूरला लागली," ते म्हणाले.

"अण्णा, ताई आत झोपलीय."

"ताई उतरली. गाडीचं काय?"

आईनं आतून विचारलं, "तिकडे पाऊस आहे का रे?"

मी थर उघडले. गडगडाट होता. आत निरांजनाची काडी ओढल्याचा आवाज आला.